कानपूरच्या भंगारातून उठलेली बॉम्बर विमानं

आजची गोष्ट एका भंगाराच्या ढिगाची आहे. साधासुधा ढीग नाही बरं का. चार-चार इंजिनांची, ११० फूट पंखांची, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब टाकून आलेली विमानं. ती मुद्दाम मोडून टाकली होती, पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून. आणि आपल्या लोकांनी ती उडवली!

विमानाचं नाव बी-२४ लिबरेटर. अमेरिकेनं युद्धकाळात अशी १८ हजारांहून जास्त विमानं बनवली. फोर्ड कंपनीच्या विलो रन कारखान्यातून ऐन जोरात असताना तासाला एक विमान बाहेर पडायचं. तासाला एक! यातली बरीच विमानं अमेरिकेनं ब्रिटनला ‘लेंड-लीज’ करारानुसार दिली, म्हणजे एक प्रकारे उसनी. ब्रिटिश हवाई दलानं ती भारतातून ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध वापरली.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. आता उसनी विमानं ठेवायची तर पैसे मोजा, नाहीतर परत करा किंवा नष्ट करा. ब्रिटनचा खिसा रिकामा होता आणि अमेरिकेला हजारो जुनी विमानं परत नको होती. मग भारतातली लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर आणून ओळीनं उभी केली आणि निकामी केली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणं फोडली, असं सांगतात.

वाळूच का? इंजिनाच्या आत दट्ट्या सिलिंडरमध्ये वरखाली होतो. त्या दोघांमध्ये फक्त तेलाचा पातळ थर असतो. तिथे वाळू शिरली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते. सिलिंडर चरे पडून खराब होतो, बेअरिंग जातात. लिबरेटरच्या एका इंजिनात असे १४ सिलिंडर. चार इंजिनं, म्हणजे ५६. आता करा हिशेब.

पुढची काही वर्षं ही विमानं तशीच उन्हापावसात पडून होती. अॅल्युमिनियमचा सांगाडा टिकतो, पण टायर चिरतात, रबरी नळ्या कडक होतात. शेपटीच्या आणि पंखांच्या हलत्या भागांवर तर कापड ताणलेलं होतं. कापड किती दिवस टिकणार?

इकडे देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली आणि १९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरमध्ये लढाई पेटली. भारतीय हवाई दलाकडे जड बॉम्बर विमान एकही नव्हतं. माणसं आणि सामान नेणाऱ्या डाकोटा विमानांच्या दारातून बॉम्ब ढकलण्याची वेळ आली होती. नवी बॉम्बर घ्यायला पैसा नाही. अशा वेळी लक्ष गेलं कानपूरच्या त्या ढिगाकडे.

काम दिलं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीला, म्हणजे आजच्या एचएएलला. ही कंपनी १९४० मध्ये उभी केली ती आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. युद्धात तो कारखाना अमेरिकन सैन्याच्या ताब्यात गेला आणि तिथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती होऊ लागली. त्यामुळे झालं काय, की भारतीय कामगारांचे हात अमेरिकन विमानांवर बसले. कुठला बोल्ट कुठे लागतो, कुठली नळी कुठे जाते, हे त्यांना माहीत होतं. याला ‘जुगाड’ म्हणू नका प्लीज. हे शिकलेलं, कमावलेलं कसब होतं.

कानपूरला गेलेल्या पथकानं एक साधा विचार केला. विमान पूर्ण नवं करायचं काम बंगळूरला. इथे फक्त एवढंच बघायचं, की ते एकदा उडून बंगळूरला पोचेल. सुमारे दीड हजार किलोमीटर. मग या विमानाचं धड, त्याचं इंजिन, तिसऱ्याचं चाक असं जमवत एकेक विमान उभं राहिलं.

आणि उडवायचं कुणी? कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी. त्यांनी याआधी लिबरेटर उडवलेलं नव्हतं. माहितीपुस्तिका वाचली आणि बसले! विचार करा. वाळू काढून धुतलेली इंजिनं, जोडजमाव केलेलं विमान आणि खाली दीड हजार किलोमीटरचा मुलूख. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. चाळीसच्या आसपास विमानं अशी बंगळूरला पोचली.

नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांवर कानपूरला ५ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. १९५१ मध्ये ६ नंबरची स्क्वाड्रन आली, तीही लिबरेटरचीच. आणि कुठे? आपल्या पुण्यात. समुद्रावर लांबवर टेहळणी करणं हे तिचं मुख्य काम झालं. लिबरेटरची खासियतच ती, तासन्‌तास हवेत राहायचं. बाकी जगात ही विमानं कधीच भट्टीत वितळवून झाली होती, तेव्हा आपल्याकडे ती रोजच्या कामावर होती. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली.

आणि इथे गोष्टीला गंमतशीर वळण लागतं. जगभरच्या संग्रहालयांच्या लक्षात आलं, की अरे, आपल्याकडे लिबरेटर उरलंच नाही! मग सगळे भारताकडे आले. १९६८ मध्ये एक कॅनडाला गेलं, १९६९ मध्ये एक अमेरिकेत अॅरिझोनाच्या पीमा संग्रहालयाकडे. १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला मिळालं. ज्यांनी मोडून टाकली, त्यांनाच आपण दुरुस्त करून परत दिलं! आणखी एक अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं घेतलं, पुन्हा उघडून नव्यानं बांधलं आणि १९८९ मध्ये ते उडालं.

पण मला एक गोष्ट खटकते. ही विमानं बघायला गेलात तर त्यांच्यावर रंग आणि खुणा दिसतात अमेरिकन, ब्रिटिश किंवा कॅनेडियन. युद्धातली त्यांची एक-दोन वर्षं दिसतात. भारतीय तिरंगी खुणा लावून ती वीस वर्षं उडाली, ती मात्र रंगाखाली गेली. जुनं विमान जिवंत करताना त्याचं कुठलं आयुष्य दाखवायचं, हे शेवटी रंगाचा डबा ज्याच्या हातात आहे तोच ठरवतो. मुन्शींचं नाव निदान कुठे कुठे वाचायला मिळतं. ज्यांनी सिलिंडरमधली वाळू काढली, त्या फिटर लोकांची नावं कुठल्या पाटीवर आहेत?

एक लिबरेटर दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात आहे. दिल्लीला गेलात तर नक्की बघा. आणि तुमच्या घरातले कुणी आजोबा साठच्या दशकात पुण्यात लोहगावच्या आसपास राहत असतील, तर त्यांना विचारा, चार इंजिनांचं ते घरघरणारं विमान आठवतंय का? जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. तेवढं तरी आपल्या हातात आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!