लाइनवर फोडलेलं खापर

साइट एरवी झटकन उघडते, मधूनच अडखळते, अशी तक्रार आली की निदान तयारच असतं: लाइन स्लो आहे, बँडविड्थ वाढवा. या पक्षात तथ्य नाही असं नाही. लाइन तुडुंब भरली की राउटरच्या बफरमध्ये पॅकेटं साचतात आणि विलंब वाढतो. जिम गेटिस यांनी 'बफरब्लोट' या नावाने याच दुखण्याकडे लक्ष वेधलं.

पण गर्दीचा विलंब पसरट असतो. कधी ८० मिलिसेकंद, कधी २३०, कधी ४१०. लॉगमध्ये मात्र पुष्कळदा वेगळंच दिसतं. बाकी सगळं सुरळीत, आणि मोजक्या जोडण्या बरोब्बर एक किंवा तीन सेकंद उशिरा. गर्दी असं घड्याळ लावून चालत नाही. हे आकडे टायमरचे आहेत. जोडणी मागणाऱ्या सिन पॅकेटला उत्तर आलं नाही, तर ते पुन्हा पाठवण्याआधी किती थांबायचं? १९८९ च्या आरएफसी ११२२ ने तीन सेकंद सांगितले, २०११ च्या आरएफसी ६२९८ ने ते एकावर आणले. मुदत दर खेपेला दुप्पट होते, म्हणून एकूण खोळंबा एक, तीन, सात असा वाढतो. (झटका पाच सेकंदांचा असेल तर आधी डीएनएस तपासावं, लिनक्सवरच्या रिझॉल्व्हरची मुदत सहसा तेवढीच असते.)

प्रतिपक्ष म्हणेल, सिन हरवला तो लाइनवरच ना? मेख इथेच आहे. सर्व्हरवर पॅकेटं टिपणारा टीसीपीडम्प लावावा. सिन आलेला दिसतो, त्याचं उत्तर सिन-ॲक बाहेर पडत नाही, सेकंदाने तोच सिन पुन्हा दारात. मग लाइनचा काय गुन्हा? अशा वेळी पहिला संशय लिसन रांगेवर, म्हणजे ॲप्लिकेशनने उचलण्याची वाट पाहणाऱ्या जोडण्यांच्या रांगेवर, घ्यावा. ती भरली की लिनक्स नवा सिन मुकाट टाकून देतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर या रांगेत ५११ जागा मागतो. पण २०१९ च्या ५.४ आवृत्तीपूर्वी कर्नलची मूळ मर्यादा १२८ होती, वरचं मागणं न सांगता छाटलं जायचं. रांग क्षणभरच भरते, त्यामुळे 'एसएस' कमांडने बघायला जावं तर ती रिकामी. म्हणून नेटस्टॅटमधला रांग ओसंडल्याचा काउंटर तक्रारीच्या आधी आणि नंतर वाचावा.

'पण पिंग बघा ना!' पिंगला कर्नल परस्पर उत्तर देतो, वेब सर्व्हरची रांग त्याच्या वाटेत येतच नाही. आणि वाटेतला राउटर स्वतःला आलेल्या पिंगला सावकाश उत्तर देतो, म्हणून तो पुढची पॅकेटंही रखडवतो असं नव्हे.

कर्नलची मर्यादा ४०९६ केली आणि वेब सर्व्हरचं मागणंही वाढवलं की सिन गळायचे सहसा थांबतात. ॲप्लिकेशनला जोडण्या वेळेवर उचलायला सवड का नाही, डिस्कमुळे की डेटाबेसच्या लॉकमुळे, हे मात्र तसंच राहतं. विलंब आता रांगेत जातो आणि पसरट दिसू लागतो, मग बँडविड्थवाल्यांना आपलंच खरं वाटतं. त्यांनी जोडणी व्हायला लागलेला वेळ आणि पहिला बाइट यायला लागलेला वेळ वेगवेगळे मोजून दाखवावेत.