घराच्या गारव्याचा इतिहास

अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी बोलताना आपण राजवंश, शिल्पे आणि शिलालेख यांची माहिती देतो. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला लेख तेथे आहे. आज मात्र त्या मंदिराकडे निराळ्या दृष्टीने पाहू या. वैशाखात तापलेल्या अंगणातून माणूस मंडपात शिरतो, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जातो आणि त्याला हायसे वाटते. हा गारवा येतो कोठून? काळ्या पाषाणाच्या जाड भिंती सावकाश तापतात आणि गाभारा मंडपापेक्षा पुष्कळ खाली आहे. उष्णता आत येऊच द्यायची नाही, हा गारव्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त मार्ग होय.

दुसरा मार्ग वाऱ्याचा. सिंधमधल्या हैदराबादेत घराघरांच्या छपरांवर वारा पकडणारी उंच तोंडे असत. त्यांना ‘मंघ’ म्हणत. उन्हाळी वारा त्यांतून थेट खोलीत उतरे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. माणसे आली, पण मंघांची घरे मागेच राहिली. बराकीच्या छपराखाली नव्याने संसार मांडावा लागला.

तिसरा मार्ग पाण्याचा. पाणी वाळताना उष्णता शोषून घेते. जुने वाळ्याचे पडदे आणि नागपूर-अकोल्याकडचे कूलर याच तत्त्वावर चालतात, कारण तिकडची हवा कोरडी. आमच्याकडे अंगावरचा घामच वाळत नाही, तेथे कूलरचे पाणी काय वाळणार! म्हणून विदर्भातल्या पाहुण्याचा सल्ला उल्हास नदीच्या खोऱ्यात फारसा लागू पडत नाही.

चौथा मार्ग यंत्राचा. १८३३ मध्ये अमेरिकेतला बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला, तेव्हा गारवा ही विकत घेण्याची वस्तू झाली. पुढे १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आवरणारी योजना आखली. आजच्या एसीचा उगम त्यात आहे. बर्फाची आठवण मात्र ‘टन’ या शब्दात उरली. एक टनाचा एसी म्हणजे त्याचे वजन एक टन नव्हे! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता हे यंत्र तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढते.

हा खरे म्हणजे पंपच आहे. विहिरीवरचा पंप पाणी उपसतो, हा उष्णता उपसतो. एक भाग खोलीत, दुसरा बाहेर आणि मध्ये तांब्याची नळी. हवेसाठी मोठे बोगदे लागत नाहीत. साधारण एक किलोवॅट विजेवर तो सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. उलट फिरवला की तोच पंप बाहेरची उष्णता आत आणतो. कॅनडातल्या मराठी घराला ती सोय मोलाची. अंबरनाथ-बदलापूरच्या थंडीसाठी तिचे जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मग लहान घराने निवड कशी करावी? प्रथम छप्पर पाहावे. पत्रा किंवा वरच्या मजल्याचा तापणारा स्लॅब असेल, तर आधी वरून पांढरा रंग, आतून माळा किंवा सीलिंग आणि पश्चिमेच्या खिडकीला पडदा. हे न करता मोठा एसी घेणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. साध्या शंभर चौरस फुटांच्या खोलीला बहुधा एक टन पुरतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली लवकर गार करून थांबते आणि दमटपणा तसाच राहतो. बाहेरच्या भागाला मोकळी हवा हवी. त्याला कोंडले तर वीज वाया जाते. अर्थिंग चांगले असावे.

किमतीबरोबर बिलाचाही हिशेब करावा. तासाला एक युनिट धरले, तर रोज आठ तासांचे महिन्याला २४० युनिट होतात. भारतात एसीवर ताऱ्यांची पट्टी २०१० पासून सक्तीची आहे. तारे जास्त तर वीज कमी. तापमान चोवीस अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावावा. हप्त्याने यंत्र आणले आणि बिलाच्या भीतीने म्हातारी माणसे उकाड्यातच बसली, तर त्या खरेदीचा उपयोग काय?

शिक्षकबंधूंना एक प्रयोग सुचवतो. दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळा, दोघांनाही वारा घाला आणि फरक मोजा. फरक मोठा आला तर तुमच्या गावाला कूलर पुरेल. थोडाच आला तर पंखा, सावली आणि परवडलाच तर एसी. मुलांना हे वर्गात स्वतः मोजू द्या. घरी खरेदीची वेळ येईल तेव्हा दुकानदाराला काय विचारावे हे त्यांना ठाऊक असेल.