सुईणीच्या पिशवीत मावेल असे औषध

१/१२
बाळ जन्मते, वार पडते, घरात आनंद होतो. आणि नेमक्या त्याच घडीला बाळंतिणीच्या जिवाला मोठा धोका असतो. गरोदरपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. वार सुटल्यावर गर्भाशय आकसले नाही, तर उघड्या रक्तवाहिन्या घात करतात. हा रक्तस्राव रोखणारे औषध घरोघरी फिरणाऱ्या सुईणीच्या पिशवीत टिकावे कसे, या प्रश्नाचा हा इतिहास. #थ्रेड

२/१२
राय या धान्याच्या कणसावर 'अर्गट' नावाची काळपट बुरशी वाढते. युरोपातील सुईणी कळा वाढवण्यासाठी ती देत. १८०८ साली जॉन स्टर्न्स या अमेरिकी डॉक्टरांनी तिच्याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. भुकटी नेण्यास सोपी होती. पण तिची तीव्रता दर वेळी निराळी, आणि साठवणुकीत गुण घटत जाई. मात्रा चुकली तर बाळ दगावे, गर्भाशय फाटे. औषध जवळ असणे वेगळे आणि ते भरवशाचे असणे वेगळे.

३/१२
विसाव्या शतकाच्या आरंभी पिशवीचा मोठा शत्रू होता जंतू. इंग्लंडमध्ये १९०२ च्या सुईण कायद्यानंतर जे नियम झाले, त्यांत पिशवीला काढून निर्जंतुक करता येईल असे अस्तर असणे बंधनकारक होते. अमेरिकेतील केंटकीच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५ साली सुरू केलेल्या सेवेतील परिचारिका खोगिराच्या पिशव्यांत साहित्य घेऊन घोड्यावरून घरोघरी जात. साहित्य उकळा, अस्तर धुवा, जंतू मरतात. या लढाईत उष्णता मित्र होती.

४/१२
पुढे औषधे सुधारली. १९०६ साली हेन्री डेल यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकसते हे दाखवले. १९३५ साली लंडनमध्ये डडली आणि मॉयर यांनी अर्गटमधून 'अर्गोमेट्रिन' वेगळे केले. १९५३ साली व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांची साखळी जोडून 'ऑक्सिटोसिन' प्रयोगशाळेत घडवले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. मात्रा आता नेमकी झाली. रक्तस्रावावरचा खात्रीचा उपाय हाती आला.

५/१२
पण उपायाबरोबर नवी अट आली. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. अर्गोमेट्रिनला थंडावा तर हवाच, शिवाय ते उजेडापासूनही जपावे लागते. कालचा मित्र आज वैरी झाला. ज्या उष्णतेने पिशवी शुद्ध व्हायची, तीच आता पिशवीतले औषध निकामी करू लागली. रुग्णालयात फ्रिज असतो. उन्हात पायी निघालेल्या परिचारिकेच्या खांद्यावर तो नसतो.

६/१२
यातली खरी भीती अशी की निकामी झालेले ऑक्सिटोसिन ओळखू येत नाही. कुपीतला द्रव पूर्वीसारखाच नितळ दिसतो. परिचारिका विश्वासाने सुई टोचते आणि रक्त थांबत नाही. म्हणून पुढे एकाच मात्रेची, आधीच भरलेली सुई तयार झाली आणि तिच्या वेष्टनावर उष्णतेने रंग बदलणारी खूण आली. औषधाने किती ऊन सोसले, ते रंगावरून कळावे.

७/१२
भारतात हा प्रश्न किती मोठा होता? २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार केवळ सुमारे ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. म्हणजे दहापैकी सहा बायका घरीच बाळंत होत. शीतपेटी एका ठिकाणी, बाळंतीण दुसऱ्या ठिकाणी, आणि मधल्या वाटेवर ऊन. शीतसाखळी नेमकी तिथे तुटे, जिथे तिची सर्वाधिक गरज असे.

८/१२
वाट दाखवली ती वेगळ्याच विकारावरच्या गोळीने. 'मिसोप्रोस्टॉल' हे मूळचे जठराच्या व्रणावरचे औषध. त्याने गर्भाशयही आकसते. त्याला फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही, किंमतही कमी. म्हणजे ते साध्या पिशवीत मावणारे होते. पण घरच्या बाळंतपणात ते खरोखर जीव वाचवते का, याचा पुरावा हवा होता.

९/१२
तो पुरावा बेळगाव जिल्ह्यातून आला. २००२ ते २००५ या काळात तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने खेड्यांतील १६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात, आणि हाताशी सहायक परिचारिका-प्रसाविका (एएनएम). निम्म्या स्त्रियांना बाळ जन्मताच ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडावाटे मिळाले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. रक्त मोजण्यासाठी अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची चादर अंथरली जाई.

१०/१२
निष्कर्ष २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. एक लिटर वा अधिक रक्तस्रावाचे १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. दर १८ बाळंतिणींना औषध दिले की एकीचा रक्तस्राव टळत होता. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

११/१२
ही गोळी म्हणजे रामबाण मात्र नव्हे. चांगले राखलेले ऑक्सिटोसिन तिच्याहून सरस ठरते. म्हणून जिथे ते मिळत नाही किंवा सुरक्षितपणे देता येत नाही, तिथेच गोळीची शिफारस आहे. तिने थंडी वाजते, ताप येतो. ती बाळ जन्मण्याआधी दिली तर घात होऊ शकतो. पोटात जुळे नाही ना, हेही आधी पाहावे लागते. आणि तिलाही एक वैरी आहेच : दमट हवा. म्हणून ती दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या वेष्टनातच ठेवावी लागते.

१२/१२
२०१८ साली भारतासह दहा देशांतील सुमारे तीस हजार स्त्रियांच्या अभ्यासात उष्णता सोसणारे 'कार्बेटोसिन' रक्तस्राव रोखण्यात ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले. २०१९-२१ च्या पाहणीत भारतातील दवाखान्यातील बाळंतपणे सुमारे ८९ टक्क्यांवर पोहोचली होती. तरीही उरलेले ११ टक्के हे बहुधा वाटेच्या शेवटच्या टोकावरचे घर असते. औषधाचा शोध प्रयोगशाळेत लागतो खरा. पण तो पूर्ण होतो त्या घराच्या उंबऱ्यावर, पिशवी उघडल्यावर औषध जिवंत निघाले तरच.