दर्यापारचा पैसा

मुंबईच्या धोबीतलाव भागातील जेर महाल या जुन्या इमारतीत गोव्यातील गावांच्या नावांनी चालणारे क्लब पिढ्यान्‌पिढ्या नांदले. कोकणीत त्यांस ‘कूड’, म्हणजे खोली, असे म्हणत. आज गोव्याहून मुंबईस येणे हे परदेशगमन वाटत नाही. परंतु १९६१ पर्यंत ही वाट एका राज्यसत्तेच्या हद्दीतून दुसऱ्या सत्तेच्या हद्दीत जात होती. स्थलांतरित श्रमिकांच्या अर्थकारणाचा विचार आम्ही मुद्दाम या खोल्यांपासून आरंभीत आहोत.

गोव्यात शेतजमीन थोडी, उद्योगधंदे नगण्य. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मिठागरांवर जगणारी घरे अडचणीत आली. त्याच करारातून मुरगावची रेल्वे उभी राहिली. पुढे तिने मालाबरोबर माणसेही बाहेर नेली. साहेबाच्या स्वयंपाकघरात कोणतेही मांस रांधण्यास गोव्याच्या ख्रिस्ती माणसास धर्माचा अडसर नव्हता. म्हणून आचारी, बटलर आणि विशेषतः बोटीवरचे कामगार म्हणून त्यास मागणी आली.

बोटीवरची नोकरी सफरीपुरती. एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंतचे दिवस बेकारीचे. त्या दिवसांत क्लब त्यास सांभाळी. अल्प वर्गणीत झोपण्यास जागा, पेटी ठेवण्यास कोपरा, सायंकाळी वेदीपुढे जपमाळ आणि आजारात गाववाल्यांचा आधार. विमा नाही, बेकारभत्ता नाही, अशा काळी गरिबांनी आपसांत उभारलेली ही सुरक्षाव्यवस्था होती.

गावाकडे मात्र हिशेब दुहेरी झाला. गोव्याची आयात निर्यातीहून कितीतरी अधिक असे. तांदूळही बाहेरून येई. ही तूट बऱ्याच अंशी बाहेर गेलेल्यांच्या पैशाने भरून निघे. त्या पैशातून घरे उभी राहिली, मुले शिकली, चर्चचे सण साजरे झाले. परंतु नवा रोजगार फारसा निर्माण झाला नाही. परिणामी बापाच्या मागोमाग मुलासही जहाज धरावे लागले. घर, शेत आणि म्हातारी माणसे यांचा भार स्त्रियांनी वाहिला. त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही खातेवहीत नाही.

परक्या भूमीवरील मिळकत परक्याच्या मर्जीवर असते, हेही इतिहासाने दाखविले. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांस हाकलले. त्यांत गोवेकर होते. १९७३ च्या तेलदरवाढीनंतर आखाताची दारे उघडली आणि गोवा, केरळ, कोकण येथील तरुण तिकडे धावले. १९९० साली कुवेतवर आक्रमण होताच लाखाहून अधिक भारतीयांस विमानाने मायदेशी आणावे लागले. अनेकांची बचत तिथेच राहिली.

२०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी १०० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मायदेशी धाडली. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगावाही. परंतु दलालाचे पैसे भरण्यासाठी सोने गहाण ठेवून निघणाऱ्या तरुणास त्या आकड्याचा काय आधार? त्याची पहिली कमाई कर्जफेडीतच जाते. बोटीवरच्या त्या अल्पशिक्षित माणसांना एक गोष्ट उमगली होती: परदेशी जाणारा एकटा असला की तो स्वस्त ठरतो. आज गावोगावी पतपेढ्या आहेत, मंडळे आहेत. निघणाऱ्यास रास्त व्याजाने कर्ज द्यावे, त्याचा करार वाचून समजावून सांगावा, मागे राहिलेल्या कुटुंबाची विचारपूस करावी, इतके कार्य आपण अंगावर घेतले, तर त्या जुन्या खोल्यांचे ऋण काही अंशी फिटेल असे आम्हांस वाटते.