श्रुतिकेची कुळकथा

नाटक म्हटलं की पडदा आला, दिवे आले, रंगरंगोटी आली. श्रुतिकेला, म्हणजे रेडिओवरच्या नाटकाला, यातलं काहीच लागत नाही, कारण तिचा जन्मच अंधारातला. 15 जानेवारी 1924 रोजी बीबीसीने रिचर्ड ह्यूज यांचं 'डेंजर' प्रसारित केलं. खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि माणसं आत अडकतात. पात्रांनाही काही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. माध्यमाची उणीव ह्यूज यांनी थेट कथानकातच घेतली. या कलेची सारी युक्ती मला तिथेच दिसते.

मुंबईचं नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं, पुण्याचं 2 ऑक्टोबर 1953 रोजी. मराठी घरात श्रुतिका घरच्यासारखी वावरू लागली ती मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या मालिकेमुळे. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. पात्रं मोजकीच, आणि त्याला कारण होतं. चेहरा नसला की सातआठ जणांच्या गलक्यात कोण बोललं ते कळत नाही. तीन वेगळ्या पट्टीचे आवाज मात्र पहिल्या शब्दाला ओळखू येतात. पुढचं काम स्टुडिओतल्या वस्तू करत. करवंट्या आपटल्या की घोडा दौडला, पत्रा हलवला की आभाळ गडगडलं, सेलोफेनचा कागद चुरगळला की चूल पेटली. संहितेचं पान उलटताना मात्र सळसळ होता कामा नये, नाहीतर मीनावहिनींच्या स्वयंपाकघरात कागद वाजायचा!

या कुळाची दुसरी शाखा गावाकडची. तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते. फेब्रुवारी ते एप्रिल 1956 या काळात पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, आणि तो संपला की ऐकलेल्यावर तिथेच चर्चा. कल्पना कॅनडाची, पण बोलणं इथल्या बांधावरचं. कोरडं भाषण गावकरी ऐकून घेत नाहीत. दोघांचा वाद लागला की कान टवकारतात. म्हणून शेतीचा सल्लाही संवादातून आणि छोट्या नाट्यप्रसंगांतून दिला जाई. त्याच्या आदल्याच वर्षी, 1955 मध्ये, व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात रुजू झाले होते. गावची बोली कानात असलेला लेखक त्या खुर्चीत बसला, हे मराठी नभोवाणीचं भाग्य.

तो प्रयोग ज्या जिल्ह्यांत झाला, त्यांत पुणेही होता. त्याच जिल्ह्यातलं खेड तालुक्यातलं निघोजे आज चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. भाड्याच्या एकेका खोलीत विदर्भातला, मराठवाड्यातला, खानदेशातला पोरगा शेजारी शेजारी राहतो. एकाची रात्रपाळी सुटते तेव्हा दुसऱ्याची पहिली पाळी लागते. शिवाय जमीन गेलेला घरमालक आहे, मेस चालवणाऱ्या मावशी आहेत. प्रत्येकाची बोली निराळी, म्हणजे श्रुतिकेला लागणारे वेगळे आवाज इथे आयतेच आहेत.

आकाशवाणीने आपल्या संग्रहातल्या जुन्या श्रुतिका सर्वांसाठी खुल्या कराव्यात. आणि निघोजे, कुरुळी, महाळुंगेच्या लिहित्या पोरांनी आपल्या खोलीतला एक प्रसंग तीन आवाजांत बसवून पाहावा. रेकॉर्डिंगला हातातला मोबाइल पुरतो.