नाव एक, स्पेलिंग चार : जन्मदाखल्याआधी एवढं ठरवा

जूनमध्ये नवीन हजेरीपट भरायला बसलो की आम्हाला एकाच वर्गात आयशा, आएशा, आयेशा आणि आईशा भेटतात. उर्दूत चौघींचं नाव अगदी एकसारखं. मराठी-इंग्रजीत मात्र चार वाटा.

यावर घरोघरी दोन मतं आहेत. तरुण आईवडील म्हणतात, एखादं अक्षर जास्त घातलं तर नाव वेगळं दिसतं, बिघडलं काय? दादा-नाना म्हणतात, नाव बिघडवू नका. आम्हाला वाटतं, अरबी नावाचं इंग्रजीत एकच बरोबर स्पेलिंग असं नसतंच. शेख आणि मोहम्मद किती तऱ्हांनी लिहितात, ते आपण पाहतोच. जपायचा तो उच्चार आणि अर्थ.

अर्थ कुठे बदलतो?

उर्दूत 'ज़' साठी जाल, जे, जाद, जोय ही चार अक्षरं आहेत. मराठीत सगळ्यांचा एकच 'ज' होतो. जालने लिहिलेला नजीर म्हणजे सावध करणारा, जोयने लिहिलेला नजीर म्हणजे उदाहरण, बरोबरीचा. आपल्या शहराचे शायर सिराज औरंगाबादी यांच्या नावाचा अर्थ दिवा. 'स' चा 'श' केला तर इराणमधलं शहर आठवतं. म्हणून नाव आधी उर्दूत लिहून अर्थ विचारून घ्या.

कागदाचं काय?

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तर नावाशिवायही नोंद होते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणजे घाईत कसंही लिहून देण्याची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, असं झालं की दहावीचा किंवा स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना पालकांची धावपळ आम्ही दरवर्षी बघतो.

आमचा सल्ला

अकीक्याच्या दिवशी एका कागदावर नाव उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्हींत लिहा. वडिलांचं नाव आणि आडनाव त्यांच्या आधारवर आहे तसंच घ्या. दाखला हातात आला की खिडकीवरच अक्षर न् अक्षर वाचा. स्पेलिंग हौसेने निवडा, पण एकदाच निवडा. ते आयुष्यभर लेकराला लिहायचं आहे.