टेपातली बारी

श्रावणात भातलावणी उरकलेली असते, कापणीला अजून अवकाश असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांवर याच दिवसांत, जेवणं आटोपल्यावर, एखाद्या पडवीतून ढोलकी ऐकू येऊ लागते. बुवा वही उघडून नवं गाणं म्हणतात. ढोलकीवाला त्या चालीला ठेका शोधतो. दोघांचं जमलं की कोरसची पोरं सूर धरतात. गौरी-गणपतीच्या जाखडीची ही तालीम. नाच बघायला अख्खा गाव अंगणात लोटतो खरा, पण गाणं घडतं ते पडवीत, या दोघांच्या बैठकीत.

जाखडीत गाणारे-वाजवणारे मधोमध बसतात आणि पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. मुंबईत हिलाच ‘बाल्या नाच’ म्हणू लागले. कोकणातून घरकामाला गेलेल्या गड्यांच्या कानात बाळी असे, म्हणून ते ‘बाल्या’ आणि म्हणून त्यांचा नाचही बाल्या, असं सांगतात. शहराने हिणवून दिलेलं हे नाव कोकणी माणसाने स्वतःच्या मंडळाच्या फलकावर अभिमानाने मिरवलं.

दोन पक्ष समोरासमोर आले की जाखडीचा शक्ती-तुरा होतो. त्याचं मूळ कलगी-तुऱ्यात. कलगीवाले शक्तीला, मायेला थोर मानतात. तुरेवाले शिवाला, ब्रह्माला. पेशवाईतल्या शाहिरांमध्ये हा झगडा रंगत असे, आणि त्याची मुळं महाराष्ट्राबाहेरही पसरलेली आहेत. राजस्थान-माळव्यात कथा सांगतात ती तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांची: चंदेरीच्या राजाने एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. कोकणात हा वाद कुळवाड्याच्या अंगणात आला. दिवसभर चिखलात राबलेला माणूस रात्री पुराणातला सवाल टाकतो आणि समोरच्याला त्याचा जवाब गाऊन द्यावा लागतो. गण, गवळण, सवाल-जवाब, टोमणे असं करत बारी, म्हणजे हा सामना, पहाटेपर्यंत चालते. महाराष्ट्राच्या लोककलांबद्दल लिहिताना या बुद्धीची कदर फार कमी वेळा झाली, हे स्पष्टच म्हणायला हवं.

रेकॉर्ड कंपन्यांच्या काळात ही कला बहुतांशी तबकडीबाहेरच राहिली, आणि त्यामागे एक साधं गणितही आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात बुवांचा गणसुद्धा पुरा व्हायचा नाही.

ही अडचण सोडवली कॅसेटने. फिलिप्सने ती १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात घरोघर पोचली. कोकणातल्या घरांत टू-इन-वन आला तो बहुधा मुंबईच्या चाकरमान्याबरोबर, नाहीतर आखाती देशांत कामाला गेलेल्या माणसाबरोबर. साठ मिनिटांची कॅसेट एका बाजूला अर्धा तास चाले, नव्वदची पाऊण तास. मात्र नव्वदची फीत पातळ, लवकर गुंतायची. लाल बटणाबरोबर ‘प्ले’चं बटण दाबलं की घरच्या घरी ध्वनिमुद्रण सुरू. त्यात बुवांचा आवाज येई, तशीच मध्येच कुणाची खोकल्याची उबळ, पोराचं रडणं आणि कौलांवरचा पाऊसही. अशी कॅसेट मुंबईला पोचल्यावर लालबाग-परळच्या गाववाल्यांच्या खोलीत बसून, गावी न जाता, नवी चाल बसवता येऊ लागली. पुढे शक्ती-तुऱ्याच्या कॅसेटी बाजारातही आल्या आणि परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी तिकीट लावून सामने झाले. तरीही पडवीतल्या टेपाची सर त्या कॅसेटींना नाही. बाजारच्या कॅसेटीत तयार गाणं मिळतं. घरच्या टेपात बुवा अडतात, ढोलकी थांबते, ओळ बदलते आणि पुन्हा सुरू होते.

या फितींचे शत्रू दोन. एक रत्नागिरीचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर; दमट हवेत फितीवर बुरशी धरते. दुसरा शत्रू घरातलाच. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची जिभली मोडून ठेवली की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की होतं. कितीतरी बाऱ्यांवर अशी सिनेमाची गाणी चढली.

आता तालमीत मोबाइल असतो आणि रात्रीची बारी सकाळी यूट्यूबवर दिसते. प्रश्न जुन्या टेपांचा आहे. वहीतल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं आणि गुरूचं नाव गुंफतो, म्हणून गाणं कुणाचं ते तरी कळतं. घरच्या टेपावर मात्र अनेकदा काहीच लिहिलेलं नसतं. ज्यांच्या ट्रंकेत अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या येत्या गणपतीत गावी न्याव्यात, जुन्या ढोलकीवाल्याला ऐकवाव्यात आणि आवाज कुणाचा, वाडी कोणती, साल कुठलं ते वर लिहून ठेवावं. ते आवाज ओळखणारी माणसं आता सत्तरी ओलांडत आहेत.